मंगळावर राहिलेली गाडी

रात्री आकाशात कधी कधी एक तांबूस ठिपका दिसतो. तारे लुकलुकतात, हा मात्र शांत प्रकाशतो. तो तारा नव्हे. तो मंगळ ग्रह.

मंगळ म्हटले की आपल्याला मुलीची पत्रिका आठवते. पत्रिकेत मंगळ निघाला की आईबापांची झोप उडते. पण हा मंगळ आहे तरी कसा? नुसते लांबून पाहून तर्क करण्याचे दिवस आता गेले. माणसाने तिथे यंत्रे उतरवली. काम संपल्यावर त्यांतली कित्येक तिथेच राहिली. अशाच एका गाडीची हकीकत आज आपण वाचू.

गाडीचे नाव स्पिरिट. स्पिरिट म्हणजे हिंमत. अमेरिकेतल्या नासा या संस्थेने ती बनवली. वजन सुमारे १८५ किलो, चाके सहा. २००३ च्या जूनमध्ये ती निघाली आणि ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावर पोचली. उतरताना आधी मोठी छत्री उघडली. मग भोवती हवेच्या पिशव्या फुगल्या. चेंडूसारख्या उड्या मारीत ती थांबली.

गाडीत माणूस नव्हता. मग ती हाकीत कोण होते? पृथ्वीवरची माणसे, बिनतारी संदेशाने! पण मंगळ फार दूर. संदेश पोचायला काही मिनिटे लागतात, कधी कधी तर वीस मिनिटे. समोर खड्डा आहे हे इथे कळून 'थांब' म्हणेपर्यंत गाडी खड्ड्यात जायची. म्हणून तिला दिवसभराचे काम सकाळीच नेमून देत. चालही अगदी सावकाश. फार पळाली तरी सेकंदाला ५ सेंटिमीटर. रांगणारे मूलसुद्धा तिला मागे टाकील!

गाडी चाले उन्हावर. पाठीवर सोलरची पॅनेल होती. शेतातल्या सोलर पंपाच्या पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी मिळते, हे आपल्याला ठाऊक आहे. मंगळावर तर धूळच धूळ. तेव्हा गाडी तीन महिने चालली तरी पुष्कळ, असा हिशोब होता. पण तिथला वारा मदतीला आला. तो मधून मधून धूळ उडवून नेई. हिवाळ्यात ऊन तिरपे पडे. तेव्हा गाडी उतारावर अशी उभी करीत की पॅनेल उन्हासमोर येतील. थंडीत आपण ऊन धरून बसतो ना, तसेच हे.

२००६ साली पुढचे उजवे चाक फिरेनासे झाले. तिथे दुरुस्तीला कोण जाणार? पण गाडी हाकणाऱ्यांनी हात टेकले नाहीत. त्यांनी ती उलटी चालवायला घेतली. बिघडलेले चाक मागून फरफटत येई आणि जमिनीत नांगरासारखे तास पडे.

आणि काय नवल! २००७ साली त्या तासातून पांढरी माती वर आली. तपासली तर ती जवळजवळ सगळी सिलिका निघाली. सिलिका आपल्या वाळूतही असते. पण इतकी शुद्ध सिलिका साचायला गरम पाणी किंवा वाफ लागते. म्हणजे फार पूर्वी त्या जागी गरम पाणी किंवा वाफ होती. आणि पाणी असेल तिथे बारीक जीव तगू शकतात. चाक धड असते, तर ही माती कदाचित दिसलीही नसती.

२००९ च्या मे महिन्यात गाडी मऊ मातीत रुतली. अमेरिकेत तशीच दुसरी गाडी मातीत रुतवून ती काढण्याचे उपाय करून पाहिले. उपयोग झाला नाही. त्यातच आणखी एक चाक गेले. हिवाळा आला, पण गाडीला उन्हाकडे कलता येईना. २२ मार्च २०१० रोजी तिचा शेवटचा संदेश आला. पुढे वर्षभर तिला हाका मारल्या. उत्तर आले नाही. तीन महिन्यांच्या बोलीवर गेलेली गाडी सहा वर्षे राबली.

तिचीच जुळी बहीण ऑपॉर्च्युनिटी. ती मंगळाच्या दुसऱ्या अंगाला उतरली आणि ४५ किलोमीटर चालली. २०१८ च्या जूनमध्ये धुळीच्या मोठ्या वादळात तीही गप्प झाली.

तर मंडळी, मंगळ असा आहे. तिथे माती आहे, दगड आहेत, धूळ आहे, आणि माणसाच्या हातच्या गाड्या उभ्या आहेत. कुणाच्या लेकीचे वाईट चिंतणारे तिथे कोणी बसलेले नाही. सोयरीक जुळवताना मुलगा कष्टाळू आहे का, निर्व्यसनी आहे का, हे जरूर पाहावे. मुलीचे मन विचारावे. पण मंगळापायी चांगले स्थळ मोडू नये, असे आम्ही सांगतो.

प्रश्न
१. गाडीला दिवसाचे काम सकाळीच का नेमून देत?
२. बिघडलेल्या चाकाचा काय उपयोग झाला?
३. तुमच्या गावात मंगळामुळे एखादे लग्न मोडले आहे का? त्यावर आपसात बोला.