सूक्ष्मनलिकेंतील कोंडलेला वायु

विद्यार्थीहो, समईची वात तेल वर ओढून घेते, हें तुम्ही नित्य पाहतां. अरुंद जागेंत द्रव आपण होऊन शिरतो, या गुणास केशाकर्षण म्हणतात. अतिसूक्ष्म नळींत हा गुण कसा वर्ततो, याचा विचार आम्ही येथें करूं.

सन १९९१ मध्यें जपानांतील सुमिओ ईजिमा यांनीं कार्बनच्या पोकळ सूक्ष्मनलिकांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांची पोकळी अवघी कांहीं नॅनोमीटर रुंद; आणि नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश! अशा नळींत रुपें भरावयाचें तर अडचण ही कीं, ज्या द्रवाचा पृष्ठताण मोठा, तो आंत शिरत नाहीं. पाणी शिरतें, पारा शिरत नाहीं. आणि वितळलेल्या रुप्याचा पृष्ठताण पाऱ्याहूनहि अधिक आहे.

यावर युक्ति अशी कीं, रुपें क्षाररूपानें आंत न्यावें. रुप्याचें नायट्रेट सुमारें २१० अंश सेंटिग्रेडला वितळतें. सन १९९६ मध्यें उगार्ते, शातलें व द हीर या शास्त्रज्ञांनीं तें उघड्या तोंडाच्या नलिकांत भरून दाखविलें. मात्र ज्यांची पोकळी ४ नॅनोमीटर वा अधिक रुंद होती, त्याच नलिका भरल्या.

पुढें इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकांत पाहतां पाहतां त्या क्षाराचें विघटन झालें. याचा हिशेब मनोरंजक आहे. या क्षाराच्या २ रेणूंपासून रुप्याचे २ अणु, नायट्रोजन डायॉक्साइडचे २ रेणु व प्राणवायूचा १ रेणु होतो. रुपें मूळ क्षाराची सुमारें चतुर्थांशच जागा व्यापतें. वायूस मात्र मोकळ्या हवेंत शेंकडों पट जागा लागते. ती न मिळाल्यामुळें नलिकेंत रुप्याच्या मण्यांची माळ झाली आणि मण्यामण्यांमध्यें वायु मोठ्या दाबानें कोंडून राहिला. कार्बनच्या अणूंची परस्परांतील पकड विलक्षण बळकट, म्हणून नलिका टिकली.

घरीं तव्यावर भाकरी फुगते, तीहि आंत कोंडलेल्या वाफेमुळेंच. वाफेस वाट मिळाली नाहीं, तर भाकरीचा पापुद्रा फाटतो. आपल्या प्रयोगशाळेंतील कांचेची परीक्षानळी कार्बनच्या नलिकेइतकी बळकट नाहीं. तिला घट्ट बूच लावून आंतील पदार्थ तापविल्यास कांच फुटून डोळ्यांस कायमची इजा होऊं शकते. यास्तव कोणताहि पदार्थ तापविण्यापूर्वीं दोन प्रश्न स्वतःस विचारावे: यांतून वायु निघेल काय? आणि निघाल्यास तो जाईल कोठें? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळेपर्यंत दिवा पेटवूं नये.