अपघाती मृत्यू आणि कुटुंबाचे कायदेशीर हक्क

रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे समुद्रकिनाऱ्यापासून दूर, घाटाच्या पायथ्याशी वसलेले तालुके. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व जुना महामार्ग खालापूर तालुक्यातून जातात. कर्जत-खोपोली लोहमार्गावर उपनगरी गाड्या धावतात. खोपोलीच्या परिसरात कारखाने आहेत. पावसाळा सरला की येथील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामावर बाहेरगावी जातात. दळणवळण आणि उद्योग यांच्या वाढीबरोबर अपघातांचा धोकाही वाढत असतो. १५ एप्रिल २०२३ रोजी पहाटे बोरघाटात शिंग्रोबा मंदिराजवळ एक खाजगी बस दरीत कोसळली. मुंबईस परतणाऱ्या वादक पथकातील तरुण तीत होते. या अपघातात १३ जण मृत्युमुखी पडले. मृतांच्या कुटुंबीयांना राज्य शासनाने प्रत्येकी ५ लक्ष रुपयांचे साहाय्य जाहीर केले.

असे साहाय्य संकटसमयी मोलाचे असते. परंतु ते सानुग्रह साहाय्य होय; नुकसानभरपाई नव्हे. ज्याच्या हयगयीमुळे मृत्यू ओढवला त्याच्याकडून भरपाई मागण्याचा कुटुंबाचा हक्क त्याहून वेगळा आहे. शासनाचे साहाय्य घेतल्याने तो नष्ट होत नाही आणि न मागता तो पदरातही पडत नाही. त्याला मुदत आहे व पुरावा लागतो. हा पुरावा बहुधा मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, गावपातळीवरच तयार होतो. म्हणून ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना या विषयाची माहिती असणे अगत्याचे आहे.

हक्काचे मूळ

माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर संपतो, असे जुन्या इंग्रजी कायद्याचे तत्त्व होते. १८५५ च्या घातक अपघात अधिनियमाने ते आपल्याकडे बाजूस सारले. पती किंवा पत्नी, आईवडील व मुले यांच्यासाठी भरपाईचा दावा लावण्याची तरतूद या अधिनियमात आहे. आजोबा, आजी, नातवंडे व सावत्र मुले यांचाही त्यात समावेश होतो. एका मृत्यूबद्दल एकच दावा लावता येतो व तो मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.

महाराष्ट्रातील दोन खटले या संदर्भात उल्लेखनीय आहेत. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात उपचार चालू असता त्याचा मृत्यू झाला. आईवडिलांनी डॉक्टरांविरुद्ध दावा लावला. त्यांना मंजूर झालेली ३,००० रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये कायम केली. दुसरा खटला औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर). १९६३ मध्ये तेथील शासकीय रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाळंतिणीच्या पोटात कापड राहिले व ती दगावली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये या हयगयीची जबाबदारी राज्य शासनावर ठेवली. शासनही दायित्वातून मुक्त नाही, हा या निर्णयाचा बोध. न्यायास तेहेतीस वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

दावा कोठे करावा ?

मृत्यू कशाने झाला यावर दाव्याचे ठिकाण व मुदत अवलंबून असते.

वाहन अपघात : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. अपघात जेथे घडला तेथे किंवा अर्जदार जेथे राहतो तेथेही तो करता येतो. बोरघाटातील अपघातासाठी परगावच्या कुटुंबाने रायगडातच यावे असे बंधन नाही. १ एप्रिल २०२२ पासून या अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. हयगय सिद्ध करणे कठीण असल्यास कलम १६४ खाली मृत्यूबद्दल ५ लक्ष रुपये मागता येतात. वाहन ठोकर देऊन पळून गेले व त्याचा शोध लागला नाही, तर २ लक्ष रुपयांची वेगळी योजना असून तिचा अर्ज महसूल विभागातील दावा चौकशी अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो.

रेल्वे अपघात : चालत्या गाडीतून प्रवासी पडून मृत्यू पावल्यास रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ खाली ८ लक्ष रुपये मिळू शकतात. येथे रेल्वेची हयगय सिद्ध करावी लागत नाही. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षाच्या आत करावा. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र रूळ ओलांडताना झालेला मृत्यू या कलमात बसत नाही.

कामावरील मृत्यू : पूर्वी १९२३ च्या अधिनियमाखाली मिळणारी भरपाई २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० खाली मिळते. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. मृत्यू कामामुळे व काम चालू असता झाला हे दाखवावे लागते. दोन वर्षांच्या आत दावा करावा.

रुग्णालय : पैसे घेऊन दिलेल्या उपचारात हयगय झाली असेल तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. जे शासकीय रुग्णालय सर्वांना मोफत सेवा देते, त्याच्याबाबत मात्र दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो. शासनाविरुद्ध दावा लावण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

रस्त्यातील खड्डा व विजेची तार : खड्ड्यामुळे किंवा उघड्या गटारामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लक्ष रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. तुटून पडलेल्या तारेच्या धक्क्याने मृत्यू झाल्यास हयगय सिद्ध झाली नाही तरी वीजपुरवठा करणारी संस्था जबाबदार असते, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय आहे.

भरपाईचा हिशेब

वाहन अपघातातील भरपाईची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ च्या निर्णयांत घालून दिली आहे. ३२ वर्षे वयाचा, दरमहा १२,००० रुपये मिळविणारा एक मजूर उदाहरणादाखल घेऊ. त्याच्यामागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. त्याचे वार्षिक उत्पन्न १,४४,००० रुपये. भावी वाढीपोटी ४० टक्के मिळविता २,०१,६०० रुपये होतात. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा करता १,५१,२०० रुपये उरतात. या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने गुणिले असता २४,१९,२०० रुपये येतात. अंत्यविधीचा खर्च, सहवासाची हानी इत्यादींच्या रकमा याखेरीज. मृताचीही काही चूक असल्यास त्या प्रमाणात भरपाई कमी होते.

सानुग्रह साहाय्य आणि भरपाई यांतील अंतर या हिशेबावरून ध्यानी येईल. मिळकत सिद्ध करता आली नाही तर हीच रक्कम पुष्कळ घटते. ठेकेदाराकडून उचल घेऊन भट्टीवर जाणाऱ्या मजुराजवळ मजुरीचा कागद क्वचितच असतो. अशा वेळी मजुरीची नोंदवही, रोजगार हमीचे जॉबकार्ड, बँकेचे पासबुक व सहकाऱ्यांची साक्ष उपयोगी पडते. गृहिणीच्या मृत्यूचीही भरपाई मिळते. जमशेदपूर येथील १९८९ च्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले होते.

गावपातळीवरील कर्तव्य

अपघाती मृत्यूची खबर पोलीस ठाण्यात तत्काळ द्यावी आणि प्रथम खबरीची प्रत मागून घ्यावी. ती फिर्यादीस विनामूल्य मिळते. शवविच्छेदनास दुःखाच्या भरात नकार देऊ नये. मृत्यूचे कारण दाखविणारा तो मुख्य कागद असतो. घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचा क्रमांक, विमापत्र आणि साक्षीदारांची नावे जपून ठेवावीत. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. या कामी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनी स्वतः पुढाकार घेणे इष्ट होय. वाहन अपघाताचा पोलीस अहवाल न्यायाधिकरणाकडे जातो व तो अर्ज म्हणून धरण्याची तरतूद आहे. तरीही कुटुंबाने त्यावर विसंबून राहू नये.

‘आपसात मिटवून टाका’ असा सल्ला गावात पुष्कळदा दिला जातो. थोडी रोख रक्कम देऊन कोऱ्या कागदावर विधवेचा अंगठा घेणे हा अन्याय आहे. तडजोड करावयाचीच झाली तर ती न्यायाधिकरणासमोर किंवा लोकअदालतीत व्हावी. अज्ञान मुलांचा हिस्सा सहसा न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवविते, त्यामुळे तो सुरक्षित राहतो. फौजदारी खटला ही वेगळी बाब आहे. हयगयीने मृत्यू घडविल्याचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो. त्यात आरोपी सुटला तरी भरपाईचा दावा आपोआप संपत नाही, आणि त्या खटल्याच्या निकालासाठी थांबल्यास दाव्याची मुदत टळू शकते.

वकिलाचा खर्च परवडणार नाही म्हणून कोणी मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे कातकरी वा ठाकर वाडीतील कोणतेही कुटुंब त्यास पात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय अलिबाग येथे असून १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही माहिती मिळते.

सहा महिने, एक वर्ष व दोन वर्षे या तीन मुदती ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवाव्यात. गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. परंतु त्याच्या मुलांची शाळा सुटू नये, घर कर्जात बुडू नये, एवढे तिच्यायोगे साधता येते. त्यासाठी लागणारे कागद वेळेवर गोळा करून देणे, हे त्या कुटुंबाच्या शेजारी राहणाऱ्या जाणत्या माणसांचे काम आहे.