स्वतःचे वजन उचलणे

व्यायामाच्या बहुतेक प्रकारांत मनुष्य बाहेरची वस्तू उचलतो. आडव्या दांड्याला लटकून हनुवटी दांड्याच्या वर नेण्याच्या व्यायामात मात्र उचलावयाची वस्तू तो स्वतःच असतो. वजने घेऊन व्यायाम करणारा नवशिका हलके वजन निवडू शकतो. दांड्याला लटकलेल्या साठ किलोग्रॅमच्या माणसाला मात्र आज आपण पंचेचाळीसच किलोग्रॅम उचलू असे म्हणता येत नाही. एक तर शरीर वर जाते, नाहीतर ते जागच्या जागी लोंबकळत राहते. यामुळे पुष्कळ माणसे दोनचार प्रयत्नांनंतर हा व्यायाम आपल्या प्रकृतीला मानवणारा नाही असे ठरवून तो सोडून देतात. हा निष्कर्ष चुकीचा का आहे, आणि आज एकदाही वर न जाणाऱ्या शरीराने क्रमाक्रमाने वर कसे जावे, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

या व्यायामाचे दोन मुख्य प्रकार आहेत. दांडा धरताना तळवे आपल्या तोंडाकडे असतील तर त्याला ‘चिन-अप’ म्हणतात. तळवे समोरच्या दिशेला असतील तर ‘पुल-अप’ म्हणतात. दोहोंतही हात सरळ ठेवून लटकण्यापासून आरंभ करावयाचा आणि हनुवटी दांड्याच्या वर आल्यावर पुन्हा हात सरळ होईपर्यंत खाली यावयाचे असते.

भारतातील हजारो तरुणांच्या दृष्टीने हा केवळ हौसेचा विषय नाही. २०२२ साली सुरू झालेल्या अग्निवीर भरतीच्या शारीरिक परीक्षेत शंभर गुणांपैकी साठ गुण धावण्याला आणि चाळीस गुण दांड्यावरील पुल-अपला ठेवण्यात आले. दहा वेळा शरीर उचलणाऱ्यास पूर्ण चाळीस गुण, सहा वेळा उचलणाऱ्यास सोळा गुण आणि त्याहून कमी वेळा उचलणारा अनुत्तीर्ण, असा हा हिशेब आहे. भरतीच्या मैदानावर या दांड्याला ‘बीम’ म्हणतात. पहाटे उठून रस्त्यावर धावण्याचा सराव करणारी मुले गावोगाव दिसतात. परंतु दांड्याकडे त्यांचे लक्ष पुष्कळदा शेवटच्या काही आठवड्यांत जाते. शर्यत वेळेत पुरी केलेला उमेदवार मग पाचव्या पुल-अपवर अडकतो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. दांड्यावरील शक्ती घाईने येत नाही, हे त्याला कोणी वेळेवर सांगितलेले नसते.

शक्ती कोठे कमी पडते?

शरीर वर ओढण्याचे काम एकट्या दंडांचे आहे, असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः या कामातील मोठा वाटा पाठीच्या रुंद स्नायूंचा आहे. हे स्नायू कंबरेपासून व पाठीच्या कण्यापासून निघून काखेखालून दंडाच्या हाडाला जाऊन मिळतात. वर गेलेला हात खाली व शरीराजवळ ओढणे हे त्यांचे कार्य. खांद्याची पाती खाली व मागे स्थिर ठेवणारे स्नायू, कोपर वाकविणारे दंडाचे स्नायू आणि दांडा घट्ट धरून ठेवणारे हाताचे स्नायू हे त्यांचे साहाय्यक होत. यांतील एकही साहाय्यक दुर्बळ असला, तरी सर्वांचे काम थांबते.

आपल्याकडील परंपरागत व्यायामात जोर आणि बैठका यांना अग्रस्थान आहे. बैठकांनी पाय बळकट होतात. जोरांनी छाती, खांदे आणि दंडाचा मागील भाग बळकट होतो. पण जोर हा ढकलण्याचा व्यायाम आहे. म्हणून शंभर जोर सहज काढणारा तरुण दांड्यावर एकदाही वर जाऊ शकला नाही, तर त्यात नवल नाही. आखाड्यातील पहिलवानाची ही उणीव कुस्तीतील ओढाताण, माती खणणे आणि दोरावर चढणे यांनी भरून निघे. मल्लखांबावर कसरत करणाऱ्याला तर पकड आणि ओढ यांवाचून पाऊलही टाकता येत नाही. सामान्य माणसाला ओढण्याचे कष्ट रोजच्या कामातून घडत. विहिरीतून पोहऱ्याने पाणी शेंदणे हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. नळ आणि पंप आल्यामुळे हे कष्ट वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र त्यांतून मिळणारा व्यायाम आता मुद्दाम करावा लागतो.

दुसरे कारण शरीराच्या आकारमानात आहे. स्नायूची शक्ती मुख्यतः त्याच्या जाडीच्या छेदावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन त्याच्या घनफळावर. आकार वाढला की वजन शक्तीपेक्षा वेगाने वाढते. आकार आणि बळ यांच्या या प्रमाणाचा विचार गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केला होता. धिप्पाड माणसाला जे साधत नाही ते सडपातळ मुलाला दांड्यावर सहज साधते, याचे स्पष्टीकरण यात आहे. तेव्हा आपल्याला वर जाता आले नाही तर ती दुबळेपणाची खूण समजू नये; शक्ती आणि वजन यांचे प्रमाण अजून जुळलेले नाही एवढाच त्याचा अर्थ. ज्यांचे वजन खरोखरच जादा आहे त्यांना ते थोडे कमी केल्यानेही लाभ होतो. पण उपासमार करून वजन उतरविल्यास स्नायूही झिजतात, हे विसरू नये.

उतरण्याचे शास्त्र

वर जाता येत नसेल तर सराव कशाचा करावयाचा? याचे उत्तर असे की, खाली येण्याचा. जो स्नायू शरीराला वर नेण्यास असमर्थ असतो, तोच स्नायू त्याच शरीराला सावकाश खाली सोडण्यास समर्थ असू शकतो. विहिरीतून भरलेला पोहरा ओढून काढणे आणि तोच पोहरा हातातून दोर सोडत हळूहळू खाली जाऊ देणे, यांतील कष्टांचा फरक ज्याने अनुभवला आहे त्याला हे चटकन पटेल.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली स्नायूच्या आकुंचनाचा वेग आणि त्याचे बल यांतील संबंध मांडला. आखडत्या स्नायूचा वेग जसजसा वाढतो तसतसे त्याचे बल घटते. याउलट, ताण धरून ठेवलेला स्नायू बाह्य भाराने लांबविला जात असताना तो आखडतानाच्यापेक्षा अधिक भार पेलू शकतो. १९५२ साली ॲबट, बिग्लंड आणि रिची या संशोधकांनी याचा एक मनोरंजक प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडण्यात आल्या. एकीवरचा माणूस पायटे पुढे मारी. दुसरीवरचा उलट फिरणाऱ्या पायट्यांना विरोध करी. दोघांचे बल सारखेच असताना विरोध करणाऱ्याला लागणारा प्राणवायू पुष्कळच कमी भरला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे प्रात्यक्षिक दाखविण्यात आले, तेव्हा विरोध करणाऱ्या लहानखुऱ्या स्त्रीने पायटे मारणाऱ्या तरुणाला लवकरच दमवून टाकले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नव्या व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत शक्ती वाढते, पण दंडाचा घेर फारसा वाढत नाही. मोरितानी आणि डी व्रीस यांनी १९७९ साली दाखवून दिले की, ही आरंभीची वाढ प्रामुख्याने मज्जासंस्थेमुळे होते. स्नायूंचे अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावण्यास ती शिकते. स्नायू जाड होण्याची क्रिया मागाहून येते. आरशात बदल दिसत नाही म्हणून सराव सोडणारा माणूस ऐन शिकण्याच्या काळातच माघार घेतो.

अभ्यासाचा क्रम

प्रथम दांडा पारखून घ्यावा. सुमारे तीन सेंटिमीटर जाडीचा, न फिरणारा लोखंडी नळ उत्तम. दाराच्या चौकटीवर किंवा झाडाच्या फांदीवर विसंबण्यापूर्वी ती आपल्या वजनाहून पुष्कळ अधिक भार सहन करते याची खात्री करून घ्यावी. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, सराव पुरेसा आहे.

पहिली पायरी लटकण्याची. हात सरळ ठेवून वीस सेकंद लटकावे. असे तीनदा करावे. काही आठवड्यांत हा काळ एक मिनिटापर्यंत न्यावा. याच स्थितीत कोपर न वाकविता खांदे कानांपासून दूर, खाली ओढावेत आणि पुन्हा सैल सोडावेत. शरीर जेमतेम दोन बोटे वर येते, पण पाठीच्या स्नायूंना कामाची ओळख याच हालचालीने होते.

दुसरी पायरी तिरप्या ओढीची. कंबरेच्या उंचीवरील दांड्याखाली उताणे व्हावे, टाचा जमिनीवर टेकवाव्यात, शरीर फळीसारखे ताठ ठेवून छाती दांड्याकडे ओढावी. येथे वजनाचा काही भाग जमीन उचलते. शरीर जितके उभे तितके काम सोपे आणि जितके आडवे तितके अवघड; म्हणजे येथे आपल्याला हवे तेवढे वजन निवडता येते. आठ ते बारा वेळा, अशा तीन फेऱ्या कराव्यात.

तिसरी पायरी वरच्या स्थितीत टिकून राहण्याची. स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर आणावी, तळवे आपल्याकडे असावेत, आणि पाय उचलून दहा सेकंद तसेच राहावे. हा काळ वीस ते तीस सेकंदांपर्यंत वाढवावा.

चौथी पायरी सावकाश उतरण्याची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. स्टुलाच्या आधाराने वर जावे, पाय उचलावेत आणि मनात पाच अंक मोजत हात पूर्ण सरळ होईपर्यंत खाली यावे. पुन्हा वर जाताना स्टुलाचाच उपयोग करावा. आरंभी तीन वेळा उतरणे, अशा दोन फेऱ्या पुष्कळ झाल्या. पुढे पाचाचे दहा सेकंद करावेत. बहुतेकांचे शरीर कोपर काटकोनात आले की एकदम खाली घसरते. ज्यांचे असे होते त्यांनी त्याच जागी चारपाच सेकंद थांबण्याचा सराव करावा. हा व्यायाम आठवड्यातून दोनच दिवस असावा.

दहा दहा सेकंदांचे तीन उतार सलग जमू लागले की वर जाण्याचा प्रयत्न करून पाहावा. आधी चिन-अप साधावे, कारण तळवे आपल्याकडे असताना दंडाच्या पुढील स्नायूची मदत अधिक मिळते. थोडे अंतर उरत असल्यास एक पाऊल स्टुलावर हलकेच टेकवावे, किंवा सोबत्याने पाठीला हात द्यावा. मात्र ही मदत दर आठवड्याला कमी होत गेली पाहिजे. पहिल्या यशाला कोणाला दोन महिने लागतात, कोणाला सहा. स्त्रियांच्या शरीरात खांदे व दंड यांतील स्नायूंचे प्रमाण पुरुषांच्या मानाने सरासरीने कमी असते, म्हणून त्यांना कालावधी अधिक लागू शकतो. पायऱ्या मात्र त्याच आहेत.

एकापासून दहापर्यंत

एक साधल्यावर दर वेळी दमछाक होईपर्यंत ओढत राहणे हा सर्वसामान्य दोष आहे. थकलेले शरीर मग झोके घेते, पाय झाडते, मान ताणून हनुवटी कशीबशी दांड्याला लावते, आणि हीच वाईट सवय अंगी मुरते. ज्याला सलग तीन जमतात त्याने दोनदोनच्या पाच फेऱ्या कराव्यात, मध्ये दोनतीन मिनिटे विश्रांती घ्यावी, आणि प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ होऊ द्यावेत. एकूण संख्या हळूहळू वाढवावी. आपली मर्यादा पंधरा दिवसांतून एकदाच तपासावी. भरतीची तयारी करणाऱ्यांनी तळवे समोर ठेवून सराव करावा. भरतीत धावणे आधी आणि दांडा नंतर असतो. म्हणून आठवड्यातून एकदा धावून आल्यावर दांड्याकडे वळावे. ताज्या अंगाने दहा जमणाऱ्याला दमलेल्या अंगाने सातच जमतात, हे मैदानावर कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.

सावधगिरी

उतरण्याच्या व्यायामानंतर एकदोन दिवसांनी स्नायू दुखतात. हे स्वाभाविक आहे. पण कोपराच्या आतील बाजूस किंवा खांद्यात टोचल्यासारखी कळ येत असेल तर थांबावे. स्नायूंच्या टोकाच्या कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात, म्हणून उत्साहाच्या भरात त्यांनाच दुखापत होते. पहिल्याच दिवशी अतिरेक केल्यास स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर फुटून मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. हात सुजून सरळ होईनासे झाले आणि लघवी काळपट तपकिरी दिसू लागली, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. खांद्याचा जुना विकार, हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आरंभापूर्वीच त्यांचा सल्ला घ्यावा.

दांड्याखाली प्रथम उभा राहणारा माणूस वर पाहतो आणि आपल्यात ती शक्ती नाही असे समजतो. त्याने वरच्या टोकापासून आरंभ करावा आणि पाच अंक मोजत खाली यावे. ज्या दिवशी हे पाच अंक दहा होतात, त्या दिवशी वर जाण्याची शक्ती फारशी दूर राहिलेली नसते.