जुने भिंग, नवा कॅमेरा आणि चवदार तळ्याचा काठ

आमच्या घरात भिंतीवर एक कृष्णधवल छायाचित्र टांगलेले आहे. २० मार्च १९८३ रोजी आजोबांनी ते चवदार तळ्याच्या काठावर घेतले. आजोबा तेव्हा मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. एका सहकाऱ्याकडून त्यांनी जुना झेनिट-ई कॅमेरा विकत घेतला होता व त्यात उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म घालून ते गावी आले होते. छायाचित्रात सातजण एका ओळीत उभे आहेत. उजव्या टोकाला आजोबांचे थोरले भाऊ, मध्ये आजी व तिच्या कडेवर चार वर्षांचे माझे वडील, आणि डाव्या टोकाला माझी पणजी. १९२७ च्या सत्याग्रहाच्या वेळी पणजी दहा वर्षांची होती. तिचे वडील २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग तळ्यावर गेले, परंतु मारामारी होईल या भीतीने तिला घरी ठेवण्यात आले. त्यानंतर दरवर्षी ती तळ्यावर जात असे, असे आजोबा सांगतात. तिचे दुसरे छायाचित्र आमच्याकडे नाही.

२०२१ च्या जुलै महिन्यातील महापुरात आमच्या महाडच्या घरात पाणी शिरले. खालच्या कपाटातील अल्बम व निगेटिव्ह गेल्या. भिंतीवर उंच असलेली ही तसबीर राहिली, तीही एका कोपऱ्यात डागाळून. कॅमेरा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात होता म्हणून वाचला. त्याचे शटर बिघडले होते, पण भिंग स्वच्छ होते. तेव्हा आजोबा मला म्हणाले, "कॅमेरा गेला तर गेला. ह्याच काचेतून, त्याच जागेवरून, पुन्हा एक फोटो काढ."

ही साधी वाटणारी गोष्ट करावयास मला दोन वर्षे लागली. त्या निमित्ताने प्रकाशशास्त्राचा जो थोडा अभ्यास घडला, तो येथे मांडत आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांना यात काही उणे दिसल्यास त्यांनी ते समजून घ्यावे.

भिंग बसते कसे?

झेनिटवरचे भिंग म्हणजे हेलिओस ४४-२. त्याचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर व मोठ्यात मोठे छिद्र एफ-२. ते ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी कॅमेऱ्यात फिरवून बसवतात. हीच बैठक प्राक्टिका व जुन्या पेंटॅक्स कॅमेऱ्यांनाही होती.

या जुन्या कॅमेऱ्यांत भिंग व फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असे. तो आरसा दृश्य वर डोळ्याकडे पाठवी व कळ दाबताच बाजूला होई. आरशाला हलावयास जागा हवी म्हणून भिंगाची बैठक फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटर दूर ठेवलेली होती. आजच्या मिररलेस कॅमेऱ्यात, नावाप्रमाणेच, आरसा नाही. माझ्याकडे मित्राकडून मागून आणलेला सोनीचा कॅमेरा होता. त्यात हे अंतर अवघे १८ मिलिमीटर आहे. म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मिलिमीटर जागा शिल्लक राहते. तेवढ्या लांबीची एक पोकळ नळी मध्ये बसवली की जुने भिंग नव्या कॅमेऱ्यावर चालू लागते. या नळीला बाजारात प्लेन अडॅप्टर म्हणतात. तिच्यात काच नसते, ती फक्त अंतर राखते.

पहिला प्रयत्न का फसला?

२० मार्च २०२३ रोजी अशी नळी लावून मी तळ्यावर गेलो. काठ पूर्वीसारखा राहिलेला नाही, तरी आजोबांनी आपली उभे राहण्याची जागा दाखवली. माणसांपासून ती सुमारे २० फुटांवर होती आणि तिच्यामागे तीन फुटांवर एका घराची भिंत. मी कॅमेरा डोळ्याला लावला, तर सातांपैकी दोन्ही टोकांची माणसे चौकटीबाहेर! डाव्या टोकाला, पणजीच्या जागी, आता आजी उभी होती. ती म्हणाली, "अरे, मला कापू नकोस हां."

कारण घरी येऊन कागदावर मांडले. फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. मित्राच्या कॅमेऱ्यातील सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद. भिंग तेच, म्हणून त्याने पाडलेली प्रतिमाही तेवढीच. पण ती झेलणारे ताट लहान. २० फुटांवरून फिल्मवर सुमारे १२.४ फूट रुंदीचे दृश्य येत होते. या सेन्सरवर ८.१ फूटच आले. भिंग दोन्ही टोके पाहत होते, मात्र तो प्रकाश सेन्सरच्या बाजूला, कॅमेऱ्याच्या काळ्या भिंतींवर पडून वाया जात होता.

मागे सरकावे तर साडेतीस फूट अंतर हवे होते आणि मध्ये भिंत. भिंत नसती तरी प्रश्न सुटला नसता. छायाचित्रातील जवळच्या व दूरच्या वस्तूंचे परस्परप्रमाण आपण कोठे उभे आहोत यावर ठरते. दहा फूट मागे गेल्यावर माणसे व पलीकडचा काठ यांचे नाते बदलते. मग ते जुने चित्र राहत नाही.

येथे कोणी विचारील की, हातातल्या मोबाइलने त्याच जागेवरून फोटो काढून नंतर कातरला असता तर? दृश्याच्या प्रमाणापुरते म्हणाल तर चालले असते. परंतु गर्दीमुळे आमची पाळी संध्याकाळी येते, आणि अपुऱ्या उजेडात काढून कातरलेल्या तुकड्यात चेहरे पिठूळ होतात. शिवाय आजोबांची अट 'ह्याच काचेतून' अशी होती.

रिड्यूसर काय करतो?

यावर उपाय सापडला तो फोकल रिड्यूसर. त्याला नाभीय अंतर कमी करणारे उपभिंग म्हणता येईल. बाहेरून तो त्या पोकळ नळीसारखाच दिसतो, पण आत बहिर्गोल गुणधर्माचा काचांचा एक संच असतो. जुन्या भिंगातून निघून एकवटत चाललेले किरण हा संच आणखी आत वळवतो. त्यामुळे प्रतिमा थोडी अलीकडे व लहान पडते. प्रतिमा अलीकडे आल्याने ही नळी साध्या नळीपेक्षा आखूडही असते.

बहुतेक रिड्यूसर प्रतिमा ०.७१ पट करतात. आता हिशेब पाहू. ५८ ला ०.७१ ने गुणले की सुमारे ४१ मिलिमीटर. म्हणजे २० फुटांवरून ११.४ फूट दृश्य येते. पूर्ण १२.४ फुटांसाठी पावणेबावीस फुटांवर उभे राहावे लागते, म्हणजे पावणेदोन फूट मागे. माझ्या मागे तीन फूट जागा होतीच. शिवाय फिल्मसाठी घडवलेल्या भिंगाचे प्रतिमावर्तुळ किमान ४३ मिलिमीटर व्यासाचे असते. ते ०.७१ पट झाले तरी सुमारे ३१ उरते आणि सेन्सरचा कर्ण २८ आहे. चारही कोपरे झाकले जातात. पूर्ण ३६ मिलिमीटरच्या सेन्सरवर मात्र हाच रिड्यूसर लावला तर कोपरे काळे पडतील.

दुसरा लाभ उजेडाचा. एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा व्यास. ५८ भागिले २ म्हणजे छिद्र २९ मिलिमीटरचे. रिड्यूसर लावल्याने छिद्र बदलत नाही, पण नाभीय अंतर ४१ होते. ४१ भागिले २९ म्हणजे १.४. अर्थात एफ-२ चे भिंग एफ-१.४ सारखे वागू लागते; एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट उजेडाचा फायदा होतो. यात चमत्कार नाही. रिड्यूसर नवा प्रकाश निर्माण करीत नाही. पूर्वी जेवढ्या क्षेत्रावर पसरत होता त्याच्या निम्म्या क्षेत्रावर तोच प्रकाश गोळा होतो. उन्हात भिंग धरून कागद जाळण्याचा खेळ आपण सर्वांनी लहानपणी केला आहे, तत्त्व तेच. याच्या उलट टेलिकन्व्हर्टर प्रतिमा मोठी करतो व उजेड घटवतो.

ही कल्पना नवी नाही. दुर्बिणीतून आकाशाची छायाचित्रे घेणारे खगोल अभ्यासक अशी उपभिंगे पूर्वीपासून वापरीत आले आहेत. १९९५ च्या सुमारास निकॉन व फुजी यांनी मिळून काढलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत, जुन्या भिंगांची पूर्ण प्रतिमा चिमुकल्या सेन्सरवर आणण्यासाठी प्रतिमा लहान करणारी भिंगे होती. पण त्या कॅमेऱ्यांत आरसाही होता, म्हणून त्यांचे अंग अवजड झाले. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा पहिला मिररलेस कॅमेरा आला, आरसा गेला, आणि मधली जागा मोकळी झाली. जानेवारी २०१३ मध्ये मेटाबोन्स कंपनीने ब्रायन काल्डवेल यांच्या रचनेवर आधारलेला 'स्पीड बूस्टर' बाजारात आणला. त्यानंतर इतरांनी स्वस्त नमुने काढले. माझ्या हाती आला तो असाच एक स्वस्त नमुना.

दोष व सावधगिरी

ज्यांना हा प्रयोग करावयाचा आहे त्यांच्यासाठी काही सूचना.

एक, जुन्या भिंगाची मागची काच फार बाहेर आलेली असेल तर ती रिड्यूसरच्या काचेवर आपटते. बसवण्यापूर्वी भिंग अनंत अंतरावर लावून मागचे टोक तपासावे.

दोन, स्वस्त रिड्यूसरने कडा पुसट होतात, विशेषतः छिद्र पूर्ण उघडे असताना. तसेच छिद्र लहान केल्यावर चौकटीत तीव्र दिवा आला तर मध्यभागी निळसर ठिपका उमटू शकतो. तो काच व सेन्सर यांच्यातील परावर्तनाचा असतो.

तीन, भिंग व कॅमेरा यांच्यात विजेचा संबंध नसतो. म्हणून 'भिंगाशिवाय शटर' ही सोय कॅमेऱ्यात चालू करावी आणि फोकस हाताने साधावा.

चार, जवळात जवळचे फोकस अंतर पूर्वीइतकेच राहते. फुलांची वा नाण्यांची मोठी प्रतिमा हवी असेल तर रिड्यूसर काढून साधी नळीच लावावी.

पाच, आणि ही आपल्या कोकणासाठी महत्त्वाची: पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. रिड्यूसर म्हणजे आणखी काच. दोन्ही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत व अधूनमधून उघडून पाहावीत.

काठावर पुन्हा

२० मार्च २०२४ रोजी आम्ही पुन्हा तळ्यावर गेलो. अभिवादनाला आलेल्या लोकांची रांग ओसरेपर्यंत दिवस मावळत आला. या वेळी आजोबाही ओळीत उभे राहिले. जुन्या छायाचित्रात ते नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्या हातात होता. आजी डाव्या टोकाला. आजोबांचे थोरले भाऊ आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा व पुढे त्याची लहान नात.

मी पावणेदोन फूट मागे सरकलो. सातहीजण चौकटीत आले.

पहिले छायाचित्र छिद्र पूर्ण उघडे ठेवून, एक-साठांश सेकंदात घेतले. कोणी हलले नाही, मधले चेहरे स्वच्छ आले, पण डाव्या टोकाला आजीचा चेहरा पुसट. ज्या माणसाला चौकटीत आणण्यासाठी हा सारा खटाटोप, तेच धूसर! मग छिद्राचे कडे २.८ वर आणले. रिड्यूसरमुळे ते एफ-२ इतके होते. म्हणजे मिळालेला एक स्टॉप मी परत केला व त्याच्या बदल्यात कडा घेतल्या. आता वेळ एक-तिसांश सेकंद लागणार होता. पाठ भिंतीला टेकवली, श्वास रोखला आणि सर्वांना हलू नका म्हणून सांगितले. आजी डोळ्याची पापणीही न हलवता उभी राहिली. धाकटी नात मात्र हललीच.

दोन्ही छायाचित्रे मोठी करून घरी ठेवली. एकात सगळे स्थिर, पण आजी पुसट. दुसऱ्यात आजीच्या चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसते, पण मुलीचा हात धुरासारखा. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ दोन्ही पाहिली. मग दुसरे उचलून म्हणाले, "पोर काय, हलायचीच. हे लाव."

ते आता जुन्या तसबिरीशेजारी लावले आहे. डाग पडलेल्या छायाचित्रात पणजी जेथे उभी आहे, तेथेच नव्यात आजी. पुढच्या मार्चमध्ये लवकर, ऊन असताना जावे, असा माझा विचार आहे. छिद्र आणखी लहान करता येईल व पलीकडचा काठही स्पष्ट येईल.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असे जुने कॅमेरे पडून असतील. भंगारात घालण्यापूर्वी त्यांचे भिंग एकदा उजेडासमोर धरून पाहावे, एवढीच विद्यार्थी मित्रांना विनंती.