समोरचा अंगावर आला की डाव का कोसळतो?

प्रश्न : चढाई मला जमते, पण समोरच्याने हल्ला केला की पाच-दहा चालींत माझा राजा सापडतोच. बुद्धिबळातला बचाव शिकता येतो का, की तो स्वभावातच असावा लागतो?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : शिकता येतो, आणि तोही घरच्या पटावर. सुरुवात एका सवयीने करा. समोरच्याने मोहरा हलवला की स्वतःची ठरवलेली चाल क्षणभर बाजूला ठेवायची आणि पाहायचं, की त्याला आणखी एक चाल मिळाली तर तो काय करील? त्याचबरोबर आपलं कोणतं मोहरं बिनजोर पडलं आहे, तेही. बहुतेक डाव हल्ल्याच्या ताकदीने जात नाहीत, हे न पाहिल्याने जातात.

दुसरी गोष्ट राजाची. आपल्याकडच्या जुन्या देशी खेळात राजाला एकदा घोड्याची उडी घेता यायची आणि प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. त्यामुळे हल्ला पोचायला वेळ लागे. आंतरराष्ट्रीय नियमांत प्यादी दोन घरं धावतात, पट लवकर मोकळा होतो, म्हणून किल्लेकोट लांबवू नका. तो केल्यावर राजापुढची तीन प्यादी गरज नसताना हलवू नका. सरकलेलं प्यादं मागे येत नाही.

तरीही हल्ला आलाच तर मोहरी कमी करा. वजिरा-वजिरी झाली की निम्मा हल्ला विझतो. 2000 साली लंडनच्या जगज्जेतेपद सामन्यात क्रामनिकने कास्पारोव्हविरुद्ध हेच केलं. बर्लिन बचावात 8व्या चालीलाच दोन्ही वजीर पटाबाहेर जात. किल्लेकोटाचा हक्क गमावून काळा राजा मधोमध उरे, पण त्याला गाठणार कोण? कास्पारोव्हला त्या सामन्यात एकही डाव जिंकता आला नाही. मिळालेलं जास्तीचं प्यादं परत देऊन हल्ला थांबत असेल, तर तेही खुशाल द्या. जिंकलेलं सोडवत नाही म्हणून हरणारे खेळाडू फार.

आपल्या शेजारच्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा 2025च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना जरूर खेळून पाहा. बातम्यांत तिचं विजेतेपद आलं, ते योग्यच. पण बचाव शिकायचा तर पहिल्या डावातली कोनेरू हम्पी पाहा. दिव्याची स्थिती सुरुवातीलाच सरस झाली होती, तरी हम्पीने डाव बरोबरीत सोडवला. अखेर जलद डावांत, वेळ संपत आल्यावर हम्पीकडून चुका झाल्या आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या दिव्याने सामना 2.5–1.5 असा जिंकला. म्हणून घड्याळ लावून खेळत असाल तर थोडा वेळ राखून ठेवा. बचाव करणाऱ्याला तो जास्त लागतो, कारण त्याच्यापुढे पुष्कळदा एकच बरोबर चाल असते.

शेवटी एक पक्का धडा, फिलिडोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाचा. समोरच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं. तुमच्याकडे राजा आणि हत्ती. नवशिका इथे डाव सोडतो, पण ही बरोबरी आहे. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेवर, शेवटच्या रांगेत ठेवा. हत्ती तुमच्या बाजूने तिसऱ्या रांगेत उभा करा, म्हणजे त्याच्या राजाला पुढे येता येत नाही. हत्ती त्याच रांगेत इकडून तिकडे फिरवत राहा. वाट करण्यासाठी त्याने प्यादं त्या रांगेत ढकललं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला न्या आणि मागून शह देत राहा. त्याच्या राजाला आता प्याद्यामागे आडोसा उरलेला नसतो. मित्राला प्याद्याची बाजू देऊन हे खेळा, मग बाजू बदला. घाईने हत्ती आधीच मागे नेलात तर काय होतं, तेही एकदा मुद्दाम करून पाहा.