आमच्या किनाऱ्यावरचा फड्या निवडुंग

निवडुंग ही एक काटेरी वनस्पती आहे. निवडुंगाचे पुष्कळ प्रकार आहेत. आमच्या गावात समुद्राच्या बाजूला वाड्यांच्या कुंपणाला जो आहे, त्याला फड्या निवडुंग म्हणतात. त्याचे जाड हिरवे तुकडे नागाच्या फड्यासारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले.

आपण त्या फड्यांना पाने म्हणतो, पण ते त्याचे खोड आहे. खरी पाने कोवळ्या फड्यावर बारीक टोकदार असतात आणि थोड्याच दिवसांत गळून पडतात. झाडातले पाणी पानांतून हवेत उडून जाते. पानेच नाहीत, मग पाणी जाणार कसे? शिवाय फड्यावर मेणासारखा थर असतो. फड्याची बारीक छिद्रे दिवसा उन्हात मिटलेली असतात आणि रात्री गारव्यात उघडतात. फडा कापला की आत बुळबुळीत गर दिसतो. तीच निवडुंगाची पाण्याची टाकी.

उन्हाळ्यात फड्यांच्या कडेला पिवळी धमक फुले येतात. त्यांवर मधमाश्या येतात. मग बोंडे धरतात. ती पिकली की लाल-जांभळी होतात. बोंडावर इतकी बारीक कुसे असतात की चटकन दिसतसुद्धा नाहीत, पण बोटात शिरली की निघता निघत नाहीत. आजी नेहमी म्हणते, "लांबून बघ गं, हात नको लावूस."

निवडुंग मूळचा आपल्याकडचा नाही. तो अमेरिका खंडातून आला. मेक्सिको देशाच्या कोरड्या भागात त्याच्या पुष्कळ जाती आहेत. त्या देशाच्या झेंड्यावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे. निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून लाल रंग मिळतो. तो रंग मिळावा म्हणून इंग्रजांच्या काळात १७९५ साली असे किडे कलकत्त्याला आणले होते. पुढे दक्षिण भारतात निवडुंग फार माजला. शेते आणि गुरांची कुरणे अडली. तेव्हा १९२६ साली श्रीलंकेतून दुसऱ्या जातीचे किडे आणून त्यावर सोडले. त्यांनी निवडुंगाचा रस शोषून तो पुष्कळ कमी केला.

मला एक प्रश्न पडला. वाळवंटात वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो. आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर तर २००० मिलिमीटरच्या वर पडतो. मग कोरड्या देशातले झाड इथे जगते कसे? गुरुजी म्हणाले, "करून बघ." मी मे महिन्यात दोन फडे चिमट्याने उचलले. एक समुद्राकडच्या वाळूत ठेवला. दुसरा आमच्या मोरीच्या पाण्यावर अळू आहे, तिथल्या चिखलात ठेवला. पाऊस दोघांवर सारखाच पडला. गणपतीत बघितले तर चिखलातला फडा कुजून त्याचा लगदा झाला होता. वाळूतल्याला मुळे फुटली होती आणि वर एक छोटा नवीन फडा आला होता.

म्हणजे निवडुंगाला पाऊस मारत नाही, साचलेले पाणी मारते. वाळूतले पाणी लगेच खाली झिरपून जाते. दिवाळीनंतर जूनपर्यंत पाऊस नाही, खारा वारा आणि तापलेली वाळू. तिथे इतर झाडे कोमेजतात. निवडुंगाला मात्र ती जागा आपल्या घरासारखीच वाटते.

आमच्या वाडीला आता दगडी गडगा घालायचा आहे. काका म्हणाले, "सगळा निवडुंग तोडून माळावर टाकून देऊ." मी त्यांना माझा वाळूतला फडा दाखवला. टाकलेला तुकडा मरत नाही, त्याला मुळे फुटतात. माळावर आमच्या गाई चरतात, तिथे निवडुंग झाला तर त्यांनी जायचे कुठे? समुद्राकडची रांग ठेवली तर तिच्या मुळांनी वाळू धरून राहते. काकांनी ती रांग ठेवायचे कबूल केले आहे. बाकीचे तुकडे खोल खड्ड्यात पुरणार आहेत.

मुलांनो, तुमच्याकडेही निवडुंग तोडत असतील तर त्याचे तुकडे रस्त्यात किंवा माळावर फेकू देऊ नका. आणि फुले बघायला जाल तेव्हा पायात चपला घाला.

— इयत्ता चौथी