आघाडीतून पिछाडीकडे

इटलीच्या उत्तर भागात, मिलान शहरापासून फारशा दूर नसलेल्या त्रेविल्यो या लहान गावी १८ जुलै १९४२ रोजी जाचिंतो फाकेत्तीचा जन्म झाला. त्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते. मुलगा उंच, सडपातळ आणि पायांनी विलक्षण चपळ निघाला. शाळकरी वयातच शंभर मीटरचे अंतर तो सुमारे अकरा सेकंदांत काटीत असे. अशा मुलाला फुटबॉलच्या संघात कोणती जागा मिळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. गावच्या संघात तो आघाडीला खेळे आणि गोल करी.

१९६० साली मिलानच्या ‘इंटर’ या नामांकित संघाने त्याला आपल्याकडे घेतले. त्याच वर्षी हेलेनियो हेरेरा हे त्या संघाचे प्रशिक्षक झाले. हेरेरा मोठे करड्या शिस्तीचे गृहस्थ होते. खेळाडूंचा आहार, झोप आणि सराव यांवर त्यांची बारीक नजर असे. या नव्या मुलाचे नाव मात्र त्यांना नीट उच्चारता येईना. ते त्याला ‘चिपेलेत्ती’ म्हणून हाक मारू लागले, आणि पुढे सोबत्यांनी त्याचे ‘चिपे’ हे लाडके नाव कायमचे करून टाकले. नाव चुकले, तरी माणूस ओळखण्यात हेरेरा चुकले नाहीत. त्यांनी फाकेत्तीला आघाडीतून काढले आणि पिछाडीत डाव्या बाजूला उभे केले. त्या काळी त्या जागेवरील खेळाडूच्या पाठीवर ३ हा आकडा असे.

जागा बदलली म्हणजे केवळ चार पावले मागे सरले, असे नव्हे. आघाडीच्या खेळाडूचे नऊ प्रयत्न फसले आणि दहावा साधला, तर प्रेक्षक त्याला डोक्यावर घेतात. बचाव करणाऱ्याने नऊ वेळा अचूक खेळ केला आणि दहाव्या वेळी चूक केली, तर लोकांच्या लक्षात ती दहावी वेळच राहते. ज्याने आजवर चेंडूकडे झेप घ्यायची, त्याला आता थांबायला शिकावे लागते. समोरून येणाऱ्या गड्याच्या फसव्या हालचालींनी हुरळून न जाता, त्याला हळूहळू मैदानाच्या कडेकडे रेटावे लागते. २१ मे १९६१ रोजी रोमा संघाविरुद्ध फाकेत्ती प्रथम इंटरकडून उतरला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. आरंभी त्याचा खेळ अडखळता होता आणि या लांब तंगड्यांच्या मुलाविषयी शंका घेणारे पुष्कळ होते. हेरेरांनी मात्र त्याला जागेवरून हलवले नाही.

त्यांनी काय हेरले होते, हे समजण्यासाठी इंटरच्या खेळाची रीत पाहावी लागेल. त्या रीतीला इटालियन भाषेत ‘कातेनाच्चो’, म्हणजे दाराची कडी, म्हणत. पिछाडीला बचावाची भक्कम फळी, तिच्याही मागे आणखी एक खेळाडू मोकळा ठेवलेला. शत्रू थकून परतू लागला की दोन-तीन लांब फटक्यांत त्याच्या गोलावर चाल करायची. या खेळाला कंटाळवाणा म्हणून पुष्कळ नावे ठेवली गेली, आणि ती सगळीच अन्यायाची होती असे नाही. परंतु कडी लावणाऱ्यांपैकी एकाला दार उघडून धावता येत होते, ही त्यातील खुबी होती. डाव्या बाजूच्या आघाडीचा खेळाडू मारियो कोर्सो याला मैदानाच्या मध्याकडे सरकत राहण्याची सवय होती. त्यामुळे ती सारी कडा रिकामी पडे. फाकेत्ती त्या वाटेने वाऱ्यासारखा पुढे येई. बचाव करणाऱ्याने गोलापर्यंत यावे, अशी कोणाची अपेक्षाच नसे. म्हणून त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम कोणाकडेही दिलेले नसे. शिवाय गोलाजवळ पोहोचल्यावर काय करायचे, हे त्याला मुळातच ठाऊक होते. लहानपणीची विद्या वाया गेली नव्हती.

१९६५ सालच्या युरोपीय चषकाच्या उपान्त्य फेरीत याचा प्रत्यय आला. लिव्हरपूल येथील पहिला सामना इंटरने ३–१ असा गमावला होता. १२ मे रोजी मिलानच्या सान सीरो मैदानावर दुसरा सामना झाला. इंटरने आरंभीच दोन गोल करून बरोबरी साधली. तिसरा निर्णायक गोल उत्तरार्धात झाला, आणि तो पिछाडीतून धावत आलेल्या फाकेत्तीचा होता. पुढे अंतिम सामन्यात बेनफिका संघाला हरवून इंटरने तो चषक सलग दुसऱ्या वर्षी जिंकला. १९६५–६६ च्या हंगामात तर फाकेत्तीने इटलीच्या साखळी स्पर्धेत दहा गोल केले. बचावाच्या जागेवरून एवढे गोल तोवर तेथे कोणी केले नव्हते.

तो राष्ट्रीय संघाचा कर्णधार झाला. १९६८ साली नेपल्स येथे सोव्हिएत संघाशी झालेला युरोपीय स्पर्धेचा उपान्त्य सामना जादा वेळ खेळूनही ०–० असा बरोबरीत राहिला. पेनल्टी फटक्यांनी निकाल लावण्याचा नियम तेव्हा नव्हता. नाणे उडवावयाचे होते. दोन्ही कर्णधार पंचांबरोबर आत गेले. बाहेर सारे मैदान श्वास रोखून बसले. फाकेत्तीने काटा मागितला आणि काटाच पडला. तो हात उंचावून धावत बाहेर आला, तेव्हा लोकांना निकाल कळला. चार-पाच दिवसांनी युगोस्लाव्हियाला दुसऱ्यांदा झालेल्या अंतिम सामन्यात हरवून इटलीने ती स्पर्धा जिंकली.

वय वाढले, धाव मंदावली, तेव्हा फाकेत्ती आणखी एक पाऊल मागे सरला आणि बचावफळीच्याही पाठीशी मोकळा राहून खेळू लागला. इटलीकडून तो ९४ सामने खेळला. १९७८ साली त्याने खेळ थांबवला. तोवर साखळी स्पर्धेत इंटरसाठी त्याचे ५९ गोल झाले होते. २००६ च्या सप्टेंबरमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा तो त्याच संघाचा अध्यक्ष होता. त्यानंतर इंटरने ३ आकड्याचा सदरा निवृत्त केला. तो आता कोणाही खेळाडूला दिला जात नाही.